एचडीआर कधी वापरावं, कधी टाळावं: भाजे लेण्यातून बाहेर बघताना

भाजे लेण्यांतल्या बारा नंबरच्या चैत्यगृहात सकाळी दहाच्या सुमारास जा. थेट मागच्या स्तूपापर्यंत चालत जा आणि तिथे वळून बाहेर बघा. पिंपळपानाच्या आकाराच्या भल्यामोठ्या कमानीतून उन्हातलं खोरं दिसतं. वर छताला बिलगलेल्या, दोन हजार वर्षांहून जुन्या लाकडी फासळ्या दिसतात. दोन्ही बाजूंचे, किंचित आत कललेले अष्टकोनी खांबही दिसतात. डोळ्यांना यातलं काहीच जड जात नाही.

आता कॅमेरा काढा आणि फोटो घ्या. खांब नीट आले तर बाहेरचं खोरं पांढरंफटक. खोरं नीट आलं तर खांब, फासळ्या, जमीन सगळं काळंठिक्कर.

एचडीआर, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, हे तंत्र या अडचणीसाठी आहे. एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे तीन, पाच, कधी सात फोटो काढायचे आणि प्रत्येकातला जो भाग चांगला आलाय तो घेऊन एक फोटो तयार करायचा. ऐकायला सोपं वाटतं आणि करायलाही फार अवघड नाही. अवघड आहे ते कुठे करायचं आणि कुठे नाही हे ओळखणं. नवीन कॅमेरा घेतलेली पुष्कळ मंडळी एचडीआर सुरू करून ठेवतात आणि सहा महिन्यांनी म्हणतात, माझे सगळे फोटो सारखेच दिसतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

कॅमेरा कुठे कमी पडतो

उजेडाचा फरक फोटोग्राफर स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. दोन स्टॉप म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट. दहा स्टॉपला हा आकडा १,०२४ पट होतो.

आजचा चांगला फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा सगळ्यात कमी आयएसओवर, म्हणजे उजेडाबाबतची संवेदनशीलता सगळ्यात कमी ठेवून, साधारण १४ स्टॉपचा फरक एका रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीत, धरू शकतो. त्यातले सगळ्यात खालचे काही स्टॉप नॉइजने, म्हणजे खरखरीने, भरलेले असतात, त्यामुळे उपयोगाचे दहा-अकराच समजा. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा, एका फ्रेममध्ये तो याहून कमी धरतो. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या छटा २५६ च असतात, म्हणून नंतर ओढाताण करायला तिथे फारसं काही उरत नाही.

आपला डोळा वेगळं काम करतो. तो पूर्ण दृश्य एका दमात बघत नाही. कमानीकडे बघताना बाहुली लहान होते, खांबाकडे वळताना मोठी होते, आणि मेंदू या सगळ्या तुकड्यांचं एक चित्र करून आपल्याला देतो. कॅमेऱ्याला मात्र एका फ्रेमसाठी एकच शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा एकच वेळ, आणि भिंगाच्या छिद्राचा एकच आकार, म्हणजे एकच अ‍ॅपर्चर.

पांढरं झालेलं आणि काळं झालेलं यांतही फरक आहे, आणि तो सुरुवातीलाच डोक्यात बसवा. पांढरंफटक झालेल्या भागात सेन्सर भरून सांडलेला असतो. तिथे माहितीच नाही, कितीही खटपट केली तरी ढग परत येणार नाहीत. काळ्या भागात माहिती असते, फक्त थोडी आणि खरखरीत. म्हणून डिजिटल कॅमेऱ्यात आधी उजळ भाग सांभाळायचा. सावली नंतर वर उचलता येते.

ही अडचण डिजिटल कॅमेऱ्याने आणलेली नाही. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ले ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढत होता. त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हवर निळा रंग इतका लवकर उमटायचा की समुद्र नीट येईपर्यंत आकाश कोरं व्हायचं. त्याने काही चित्रांसाठी आकाशाची एक आणि समुद्राची एक अशा दोन निगेटिव्ह घेतल्या आणि क्षितिजाच्या रेषेवर जोडून एक प्रिंट केली. आज आपण जे करतो ते मूळ याच जातीचं आहे.

पायरी पहिली: अंदाज नको, मोजा

एचडीआर हवं का, हे डोळ्यांना विचारू नका, कारण डोळ्यांना अडचणच येत नाही. कॅमेऱ्याला विचारा.

कॅमेरा स्पॉट मीटरिंगवर, म्हणजे मधल्या छोट्या ठिपक्यापुरता उजेड मोजण्यावर, ठेवा. अ‍ॅपर्चर एफ/८ आणि आयएसओ १०० पक्कं करा. मग दृश्यातल्या ज्या सगळ्यात उजळ जागेचा तपशील तुम्हाला हवा आहे तिच्यावर मधला ठिपका धरा आणि शटर किती येतं ते बघा. नंतर ज्या सगळ्यात अंधाऱ्या जागेचा तपशील हवा आहे तिच्यावर धरा.

भाज्यात हे करून बघू. बाहेरच्या उन्हातल्या टेकडीवर १/४०० सेकंद येतं. इथे जुना ठोकताळाही जुळतो: लख्ख उन्हात एफ/१६ ला शटर आयएसओइतकं, म्हणजे १/१००, आणि एफ/८ ला दोन स्टॉप वेगवान, म्हणजे १/४००. टेकडीवरच्या पांढऱ्या ढगांवर धरलं तर १/१६०० च्या आसपास. खांबाची आपल्याकडची, सावलीतली बाजू धरली तर सुमारे १ सेकंद. ढग ते खांब म्हणजे १,६०० पट, साडेदहा स्टॉपच्या थोडं वर.

या आकड्यांवर मी कसं ठरवतो ते सांगतो. फरक सहा स्टॉपच्या आत असेल तर काहीच वेगळं करायची गरज नाही. सहा ते नऊ असेल तर एकच रॉ फोटो पुरतो, फक्त एक्स्पोजर, म्हणजे फोटोत एकूण किती उजेड घ्यायचा ते, उजळ भागासाठी ठेवायचं आणि सावली घरी उचलायची. नऊ-साडेनऊच्या वर गेला तर अनेक फ्रेम घ्या. कॅमेरा जुना असेल किंवा तुम्ही जेपेगच काढत असाल तर हे आकडे दोन-दोन स्टॉपनी खाली आणा.

स्पॉट मीटरिंगचा कंटाळा आला तर हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग किती आहे हे दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख. आलेख उजव्या भिंतीला टेकू न देता फोटो घ्या आणि मग डावीकडे बघा. डाव्या भिंतीला ढीग लागला असेल आणि तो ढीग तुम्हाला हव्या असलेल्या गोष्टीचा असेल, तर एचडीआरचा विचार करायचा. कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉमध्ये बहुतेक वेळा उजव्या बाजूला थोडी जास्त जागा असते, हेही लक्षात ठेवा.

महिनाभर हे मोजण्याचं काम इमानाने केलंत तर एक गोष्ट ध्यानात येईल: आपल्या रोजच्या फोटोंपैकी फार थोड्यांना एचडीआर लागतं. नवे सेन्सर इतके चांगले आहेत की पंधरा वर्षांपूर्वी जिथे तीन फ्रेम लागायच्या तिथे आता एक पुरते.

पायरी दुसरी: हा अंधार हवा आहे का?

आकडा दहा आला म्हणून लगेच ट्रायपॉड काढायचा नाही. आधी बघा की अंधारात जे आहे ते दाखवायचं आहे का.

कोकणात सूर्य समुद्रात बुडताना किनाऱ्यावरच्या होड्या आणि माडाची झाडं काळी दिसतात. तो काळेपणाच त्या फोटोचा जीव असतो. होडीवरचा रंग आणि जाळ्याची गाठ दाखवायला गेलात तर संध्याकाळ निघून जाते. महाबळेश्वरच्या धुक्यात तर मुळात फरकच दोन-तीन स्टॉपचा असतो, तिथे एचडीआर करून धुक्याची मऊ पांढरट पट्टी चिखलासारखी राखाडी होते. आकाशकंदिलाच्या उजेडात उभ्या असलेल्या मुलीच्या चेहऱ्याची एक बाजू अंधारात आहे, ती तशीच राहू द्या.

माणसांच्या चेहऱ्यांना एचडीआर बहुतेक वेळा मानवत नाही. त्वचेवरची हलकी सावली सपाट होते आणि सुरकुत्या मात्र कोरल्यासारख्या उठून येतात. ज्याचा फोटो काढला त्याला तो फोटो आवडत नाही, आणि त्याचं बरोबर असतं.

हलणारं काहीही असेल तर विचार सोडूनच द्या. वारीत दिंडी चालली आहे, पताका फडफडताहेत, आणि तुम्ही पाच फ्रेम घेताय. पाचही फ्रेममध्ये प्रत्येक माणूस वेगळ्या जागी. जोडल्यावर एका वारकऱ्याला तीन हात दिसतील. अशा वेळी चेहऱ्यांसाठी एक्स्पोजर लावा, आकाश थोडं गेलं तर जाऊ द्या.

मग हवं कुठे? जिथे आतही बघायचं आहे, बाहेरही बघायचं आहे आणि दोन्ही स्थिर आहेत तिथे. लेणी, वाड्याचं माजघर आणि त्यापलीकडचा उन्हाने भरलेला चौक, जुन्या गोव्यातल्या चर्चचा आतला भाग आणि त्याच्या उंच खिडक्या, खिडकीबाहेरचं दृश्य दाखवायची असलेली घराची खोली. इथे एचडीआर खरोखर उपयोगी पडतं आणि त्याला चांगला पर्यायही नसतो.

थोडं थांबलात तर कदाचित गरजच पडणार नाही

भाज्याची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी सूर्य डोंगरामागे असतो, खोऱ्यावर ऊन आणि आत अंधार. म्हणून आतून बाहेरचा फोटो घ्यायला सकाळी एचडीआर लागतं. पण दिवस कलल्यावर सूर्य समोर येतो, ऊन कमानीतून आत शिरतं, खांबांवर पडतं आणि स्तूपाकडे सरकत जातं. त्या वेळी तुम्ही बाहेर उभं राहून आत बघितलंत तर आतला आणि बाहेरचा उजेड एकमेकांच्या इतके जवळ आलेले असतात की एका फ्रेममध्ये सगळं मावतं. दगडाला सोनेरी रंग येतो तो वेगळाच. तेव्हा आतून बाहेर बघू नका मात्र, सूर्यच चौकटीत येईल आणि फरक आणखी वाढेल.

मला हा उपाय एचडीआरपेक्षा कधीही जास्त आवडतो. पुण्याहून लोकलने मळवलीला उतरून चालत लेण्यांपर्यंत जाता येतं, मग दुपारी उशिरा निघायला काय हरकत आहे? लेणी बंद होण्याची वेळ तेवढी आधी बघून घ्या.

घराच्या आतले फोटो असतील तर सूर्य मावळल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं धरा. आतले दिवे आणि बाहेरचं निळं आकाश त्या वेळी बरोबरीला येतात. समुद्र किंवा माळरान असेल, क्षितिज सरळ असेल तर ग्रॅज्युएटेड फिल्टर पुरतो, वरून गडद आणि खाली पारदर्शक काच. कमानीच्या वळणाला त्याचा उपयोग नाही. आणि एखादाच माणूस सावलीत असेल तर पांढरा थर्माकोल धरून त्याच्यावर उजेड टाका.

पायरी तिसरी: फोटो काढताना

ठरलं की एचडीआर करायचंच. आता कॅमेरा पक्का बसवा. ट्रायपॉड उत्तम, पण भाजे पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं स्मारक आहे. अशा ठिकाणी ट्रायपॉड लावायचा तर आधी तिकीट खिडकीवर विचारा. परवानगी नसेल तर हुज्जत घालू नका. पाठीवरची बॅग जमिनीवर ठेवा, तिच्यात खड्डा करून कॅमेरा बसवा आणि स्क्रीन वळवून बघा. खालून काढलेल्या फोटोत खांब उलट जास्त उंच आणि भव्य दिसतात. खांबाला किंवा स्तूपाला टेकवून मात्र काही ठेवू नका.

मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल ठेवा. फ्रेम बदलताना फक्त शटर बदललं पाहिजे. अ‍ॅपर्चर बदललं तर फोकसची खोली बदलते आणि कडा जुळत नाहीत. आयएसओ ऑटोवर असेल तर कॅमेरा तुमच्या नकळत सगळ्या फ्रेम सारख्याच उजेडाच्या करून ठेवतो. नव्या माणसाची सगळ्यात नेहमीची चूक ही, म्हणून दोनदा तपासा. फोकस एकदा ऑटोने घ्या आणि मग मॅन्युअलवर टाका. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, तोही ऑटोवरून काढा. फाइल रॉ ठेवा. कॅमेऱ्यातली उजेड आपोआप सावरणारी सोय बंद करा, निकॉनमध्ये तिला अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग म्हणतात आणि कॅननमध्ये ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर.

मग मेनूमध्ये ऑटो ब्रॅकेटिंग शोधा, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम आपोआप घेण्याची सोय. आपल्या मोजणीप्रमाणे भाज्यात दोन-दोन स्टॉपच्या पाच फ्रेम हव्यात: १/४००, १/१००, १/२५, १/६ आणि ०.६ सेकंद. पहिल्या फ्रेममध्ये ढग पांढरे पण शाबूत येतात. शेवटच्या फ्रेममध्ये खांब मधल्या करड्या रंगाहून थोडे गडद येतात, म्हणजे सावलीत जसे असायला हवेत तसे. याहून एक्स्पोजर वाढवायची गरज नाही. कॅमेरा तीनच फ्रेमचं ब्रॅकेटिंग देत असेल तर पाचही शटर हाताने लावा, फक्त डायल फिरवताना कॅमेरा हलू देऊ नका.

दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत टायमर आणि ब्रॅकेटिंग एकत्र चालतं, एकदा बटण दाबलं की पाचही फ्रेम आपोआप निघतात. तुमच्या कॅमेऱ्यात चालतं का ते घरी बघून घ्या, लेण्यात शोधत बसू नका.

एक छोटी सवय लावून घ्या. प्रत्येक संचाच्या आधी आणि नंतर स्वतःच्या तळहाताचा एक फोटो काढा. घरी गेल्यावर दोनशे फोटोंमधून कोणते पाच एकत्र आहेत हे शोधताना त्या तळहातांची किंमत कळते.

पाचही फ्रेममधल्या वेळात कुणी चालत गेलं तर संच पुन्हा घ्या. शनिवार-रविवारी भाज्यात शाळांच्या सहली असतात, मुलांना जरा वेळ द्या, ती पुढे जातात. पावसाळ्यात बाहेर झाडं वाऱ्याने हलत असतात, ती थांबवता येत नाहीत. त्याचा उपाय पुढे आहे.

मोबाइलवर काढत असाल तर

२०१० मध्ये आयफोनमध्ये एचडीआरचं वेगळं बटण आलं. तेव्हा फोन एकामागे एक कमी-जास्त उजेडाचे फोटो काढून जोडायचा. आज बहुतेक फोनमध्ये हे न विचारता होतं. गूगलने याची एक हुशार पद्धत रूढ केली: फोन झटपट बऱ्याच फ्रेम घेतो, सगळ्या मुद्दाम कमी उजेडाच्या, म्हणजे आकाश शाबूत राहतं. मग त्या एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढतो. सरासरीमुळे नॉइज खाली बसतो आणि सावली स्वच्छपणे वर उचलता येते. प्रत्येक फ्रेम छोटी असल्यामुळे हात हलल्याचाही त्रास कमी.

म्हणजे फोनवर प्रश्न एचडीआर कसं करायचं हा नसून फोनला कुठे थांबवायचं हा आहे. फोनला सावली दिसली की ती उजळायची घाई असते. दिवेलागणीचा फोटो तो दुपारसारखा करून देतो. यावर सोपा उपाय आहे. दृश्यातल्या उजळ भागावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा, सावल्या तुम्हाला हव्या तेवढ्या गडद होईपर्यंत. तुमच्या फोनच्या प्रो मोडमध्ये रॉ असेल तर तेही वापरून बघा.

फोनवरच्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये एचडीआर नावाचे फिल्टर असतात. स्नॅपसीडमध्येही आहे. ते एका फोटोतलाच स्थानिक कॉन्ट्रास्ट वाढवतात, सांडून गेलेला ढग ते परत आणत नाहीत. टीव्हीच्या खोक्यावर लिहिलेलं एचडीआर हीसुद्धा वेगळी गोष्ट, तो पडदा किती उजळ आणि किती गडद दाखवू शकतो याच्याशी संबंधित. नाव एक असल्यामुळे गोंधळ होतो, बाकी आपल्या कामाशी त्याचा संबंध नाही.

पायरी चौथी: जोडणी

लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पाचही फोटो निवडा, राइट क्लिक करा आणि फोटो मर्जमधून एचडीआर घ्या. फ्रेम जुळवण्याचा पर्याय चालू ठेवा. डीघोस्टचा, म्हणजे हलणाऱ्या गोष्टींच्या दुहेरी आकृत्या काढून टाकण्याचा, पर्याय आधी बंद ठेवून निकाल बघा. झाडांच्या फांद्या दुहेरी दिसत असतील तरच तो सुरू करा, तोही सगळ्यात कमी पातळीवर. डीघोस्ट हलणाऱ्या भागासाठी एकच फ्रेम निवडतं, त्यामुळे तेवढ्या जागी नॉइज वाढू शकतो. पैसे खर्च करायचे नसतील तर डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर रॉ फाइल जोडून देतं.

जोडणी झाली म्हणजे निम्मं काम झालं. आता तुमच्याकडे एक फाइल आहे जिच्यात ढगापासून खांबापर्यंत सगळं आहे. पण ती दाखवायची कशावर? चांगल्या छपाईच्या कागदावर सगळ्यात पांढऱ्या आणि सगळ्यात काळ्या जागेत जेमतेम सहा-सात स्टॉपचा फरक मावतो. साध्या स्क्रीनवर दहाच्या आसपास. म्हणजे मोठा पसारा लहान पेटीत बसवायचा आहे. याला टोन मॅपिंग म्हणतात, आणि एचडीआर फोटो बिघडतात ते इथे.

उजेडाची उतरंड

आमच्या जुन्या वाड्याचे फोटो मी काही वर्षांपूर्वी काढले. वाडा उतरवायचं ठरलं होतं, म्हणून मनापासून काढले. माजघरातून चौकाकडे बघतानाचे पाच-पाच फ्रेमचे संच घेतले आणि घरी येऊन शॅडोची पट्टी शेवटपर्यंत उजवीकडे, हायलाइटची शेवटपर्यंत डावीकडे ओढली. कोनाडा दिसत होता, खुंट्या दिसत होत्या, चौकातल्या तुळशीचं पान न् पान दिसत होतं. आत्याला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "फोटो छान आलाय रे, पण हे आपलं माजघर नाही. आपल्या माजघरात भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागायचा."

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो. स्वयंपाकघरातल्या मडक्यांच्या उतरंडीसारखी प्रत्येक दृश्यात उजेडाची एक उतरंड असते. भाज्यात ढग सगळ्यात उजळ, मग उन्हातलं खोरं, मग कमानीची आतली कड, मग जमीन, मग खांब आणि सगळ्यात शेवटी फासळ्यांच्या मधली जागा. टोन मॅपिंग करताना दोन मडक्यांतलं अंतर कमी करायला हरकत नाही, ते करावंच लागतं. पण खालचं मडकं वरच्याच्या वर ठेवायचं नाही. सावलीतला खांब उन्हातल्या टेकडीइतका उजळ झाला की बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे लगेच कळतं.

म्हणून पट्ट्या या क्रमाने हलवा. आधी एक्स्पोजर असं ठेवा की बाहेरचं खोरं उन्हात असल्यासारखं वाटेल, म्हणजे चांगलं उजळ. हायलाइट तेवढेच खाली आणा जेवढ्याने ढगांची कड दिसेल, करडे ढग नकोत. मग शॅडो हळूहळू वर न्या आणि खांबांची घडण कळायला लागली की थांबा. त्यानंतर ब्लॅक खाली ओढा. फासळ्यांच्या मधली जागा आणि स्तूपामागचा कोपरा पूर्ण काळा होऊ द्या. फोटोत कुठेतरी खरा काळा रंग असेल तरच बाकीच्या उजेडाला वजन येतं.

क्लॅरिटी आणि डीहेझ या कॉन्ट्रास्ट वाढवणाऱ्या पट्ट्यांना पहिल्या दिवशी हात लावू नका. लावायचाच असेल तर दहाच्या आत.

आता फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून कमानीच्या कडेवरून नजर फिरवा. गडद दगड आणि उजळ आकाश जिथे भेटतात तिथे दगडाभोवती पांढुरकी झालर दिसते का? हिला हेलो म्हणतात. सॉफ्टवेअर प्रत्येक भागाचा उजेड त्याच्या आजूबाजूच्या भागावरून ठरवतं, आणि जिथे फरक अचानक बदलतो तिथे त्याचा अंदाज चुकतो. झालर दिसली तर शॅडो आणि हायलाइट दोन्ही थोडे मागे घ्या. तेवढ्याने गेली नाही तर मास्क करून कमानीच्या आतला भाग आणि बाहेरचा भाग वेगवेगळा हाताळा. वेळ जास्त जातो, पण कड स्वच्छ राहते.

रंगांकडेही बघा. सावली उचलली की रंग जास्त भडक होतात, काळा पाषाण निळसर किंवा जांभळट दिसायला लागतो. सॅच्युरेशन थोडं खाली आणा. लेण्यातला दगड तुम्ही हात न लावता पण जवळून बघितलेला असतो, तो रंग आठवा.

शेवटची तपासणी: तयार झालेला फोटो आणि पाचपैकी मधली, १/२५ ची फ्रेम, शेजारी शेजारी ठेवा. मधली फ्रेमच जास्त खरी वाटत असेल तर जोडलेला फोटो खुशाल बाजूला ठेवा आणि तिच्यावर काम करा. हे माझ्याबाबतीत अजूनही बऱ्याचदा होतं.

फोटो आवडला तर आठ बाय बारा इंचांची एक प्रिंट काढा आणि ती दुसऱ्या दिवशी खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बघा. स्क्रीन मागून उजळलेली असते, कागद नसतो, त्यामुळे खांब अपेक्षेपेक्षा गडद येतात. तसं झालं तर फक्त शॅडो अर्धा स्टॉप वर घ्या, खोऱ्याला हात लावू नका आणि पुन्हा प्रिंट काढा.